सड्यावरची सायकल : रोड बाईकच्या निवडीमागचा सव्वाशे वर्षांचा वाद

१/
सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायात शिसे ओतले आहे, ही गोष्ट मालवणच्या धक्क्यावर होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी ऐकवतेच. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्या बांधकामाला आरंभ झाला. खाऱ्या पाण्याशी गाठ पडणार असेल तर कोणते साहित्य टिकेल याचा विचार आधी करावा लागतो, हे या किनाऱ्याला तेव्हापासून ठाऊक आहे. आज त्याच किनाऱ्यावर पहाटे हेल्मेट घालून निघणारे हौशी सायकलस्वार दिसतात. त्यांच्यापुढे पोलाद, ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि कार्बन असे चार पर्याय असतात आणि किंमत दोन-चार लाखांपासून दहा लाखांच्याही पुढे जाते. वर्षा-दोन वर्षांची बचत एका सायकलीत घालणाऱ्याने नेमके काय पाहून निवड करावी? या प्रश्नाचा इतिहास रंजक आहे आणि तो दुकानात कोणी सांगत नाही.

२/
आधी भूगोल. सागरी रस्ता नकाशावर सपाट दिसतो, प्रत्यक्षात तो तसा नाही. मालवणहून उत्तरेला आचरा, देवगड, विजयदुर्ग किंवा दक्षिणेला परुळे, वेंगुर्ला, रेडी, कुठेही निघाले तरी तोच क्रम: खाडीचा पूल, मग आखूड आणि उभी घाटी, वर जांभ्याचा उघडा सडा, पुन्हा खाली उतार, पुन्हा खाडी. एकही चढ मोठा नसतो, पण दिवसभरात त्यांची बेरीज मोठी होते. खरी मोठी चढण हवी असेल तर कुडाळ-सावंतवाडीमार्गे दाणोलीला जावे आणि तेथून आंबोलीचा घाट चढावा. वेंगुर्ल्याचे बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडणारा हा जुना मार्ग समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर नेतो.

३/
अशा मुलखासाठी सायकल घ्यायला गेलेल्या माणसाला सहसा शर्यतीची सायकल दाखवली जाते. जगज्जेता जी चालवतो ती उत्तम, हे समीकरण इतके रुळले आहे की त्याला कोणी कारण विचारत नाही. मात्र शर्यतीची सायकल कशी असावी हे प्रथम शर्यत भरवणाऱ्यांनी ठरवले, चालवणाऱ्यांनी किंवा बनवणाऱ्यांनी नव्हे. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गिअर.

४/
फ्रान्समधील सेंत-एतिएन हे डोंगरांनी वेढलेले औद्योगिक शहर. तेथील पॉल द विव्ही हा रेशमाचा व्यापारी सायकलीच्या नादाने धंदा सोडून पत्रकार झाला. १८८७ मध्ये त्याने सायकलवरचे नियतकालिक काढले आणि 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहू लागला. शर्यतीत त्याला रस नव्हता. दिवसभर डोंगरांतून हिंडायचे, तेही थकून न जाता, एवढेच त्याचे उद्दिष्ट होते. एकाच गिअरने हे साधत नाही, हे ध्यानात आल्यावर त्याने साखळी वेगवेगळ्या दातेरी चक्रांवर सरकवण्याच्या निरनिराळ्या युक्त्या करून पाहिल्या. आजच्या डिरेल्युअरच्या जन्मकथेत त्याचे नाव मानाने घेतले जाते.

५/
त्याच्या समोर उभा राहिला आंरी देग्रांज. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, टूर द फ्रान्स सुरू करणारा हाच संपादक. १९०२ च्या एका डोंगराळ चाचणीत मार्त हेस ही स्त्री गिअरच्या सायकलीवर बसून एका गिअरवाल्या नामांकित पुरुष स्पर्धकाला मागे टाकून गेली. एखाद्याने यातून धडा घेतला असता. देग्रांजने आपल्या वृत्तपत्रात उलटेच लिहिले: असली साधने पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना ठीक, तरुणांनी स्नायूंच्या बळावर जिंकावे. हा निव्वळ शेरा राहिला असता तर विसरला गेला असता, परंतु टूरचे नियम त्याच्याच हातात होते. व्यावसायिक स्पर्धकांना डिरेल्युअर वापरण्याची मुभा मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रोजे लापेबी डिरेल्युअरसह टूर जिंकला.

६/
मधली तीन दशके स्पर्धकांनी काय केले? मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या आकाराची दातेरी चक्रे बसवलेली असत. पिरेनीज किंवा आल्प्सच्या पायथ्याशी सायकल थांबवायची, नट सैल करायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि चढायला लागायचे. माथ्यावर पुन्हा तेच. १९२७ च्या नोव्हेंबरात क्रोचे दाउने या इटालियन खिंडीत गारठलेल्या बोटांनी तुल्लियो काम्पान्योलो या तरुणाला ते नट सुटेनात, आणि त्यातूनच एका खटक्यासरशी चाक मोकळे करणाऱ्या क्विक-रिलीझची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. कथेतली थंडी थोडी वाढवून सांगितलेली असेलही, पण १९३० मधील पेटंट खरे आहे आणि पुढची कित्येक दशके प्रत्येक रोड बाईकच्या चाकाला तोच खटका होता. मूळ अडचण मात्र नियमाने निर्माण केलेली होती, हे विसरता कामा नये.

७/
व्हेलोसिओ १९३० मध्ये सेंत-एतिएनच्या रस्त्यावर ट्रामच्या धक्क्याने गेला. टूरमध्ये गिअर आलेले पाहायला तो नव्हता.

८/
हा वाद आंबोलीच्या घाटात आणून पाहता येतो. स्वार, सायकल, पाणी मिळून वजन ८५ किलो आणि चढ ६ टक्के धरला. वीस वर्षांपूर्वीच्या शर्यती सायकलीचा सर्वांत हलका गिअर बहुधा पुढे ३९ आणि मागे २५ दात असा असे. मिनिटाला ६० फेरे मारायचे म्हटले तर वेग ताशी १२ किलोमीटरच्या जवळ ठेवावा लागतो आणि त्यासाठी सुमारे १८० वॅट शक्ती सतत लागते. पुढे ३४ आणि मागेही ३४ दात असतील तर तेच ६० फेरे ताशी साडेसात किलोमीटरवर मारता येतात आणि ११५ वॅटमध्ये भागते. पहिली मागणी तासभर पुरी करणे आठवड्यातून तीन दिवस सायकल चालवणाऱ्याला जड जाते. दुसरी त्याच्या आवाक्यातली आहे. गुडघे शाबूत ठेवून पुढे बेळगावपर्यंत जाता येते की माथ्यावरच्या चहाच्या टपरीशी दिवस संपतो, हे या दातांवर ठरते. महागड्या सायकलीच्या माहितीपत्रकात सर्वांत आधी वाचण्याजोगा आकडा हाच, आणि तो सहसा सर्वांत खाली छापलेला असतो.

९/
त्या काळात महाराष्ट्रात काय चालले होते? १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीने जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर कापून परतले. १९४५ पासून मुंबई-पुणे शर्यत सुरू झाली आणि बोरघाटात आघाडी घेणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणू लागले. धाडस आणि हौस इथे कमी नव्हती. सायकल मात्र एकाच प्रकारची मिळत होती: काळी, वीस किलोच्या आसपासची, मागे कॅरियर असलेली.

१०/
याला कारणे होती. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाची आयात आवळली गेली आणि वरळीची हिंद, मद्रासची टीआय, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची ॲटलस, लुधियानाची हिरो या कारखान्यांनी देशाची गरज भागवली. देशाची गरज म्हणजे दुधाचे कॅन, टपालाची थैली, पावाची टोपली आणि डबलसीट. त्या सायकलीने कोकणात जे काम केले ते कोणत्याही रोड बाईकला जमणार नाही, हे आदराने नोंदवले पाहिजे. पण हलकी, गिअरची, लांब पल्ल्याची सायकल हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरच राहिली. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले आणि त्यानंतरच्या दशकात परदेशी नाममुद्रा मोठ्या शहरांत दिसू लागल्या. जकात तरीही जड राहिली. २०२३ च्या अर्थसंकल्पात सायकलींवरील सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून ३५ टक्के झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा.

११/
म्हणजे निवड करण्याची वेळ भारतीय हौशी स्वारावर आली तोवर जगात 'रोड बाईक' कशी दिसते हे ठरून गेले होते. कोणी ठरवले? पुन्हा नियमकर्त्यांनी. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या दुय्यम दर्जाच्या मानल्या गेलेल्या स्पर्धकाने आडवे रेलून चालवायच्या सायकलीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ मध्ये असली सायकल शर्यतीतून बाद केली. १९९६ च्या लुगानो सनदेने फ्रेमचा आकार दोन त्रिकोणांच्या चौकटीत बांधला आणि २००० सालापासून ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल शर्यतीत चालणार नाही असे ठरले. सुरक्षिततेचा आणि समान संधीचा विचार त्यामागे होता, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पण परिणाम असा की हौशी ग्राहकाच्या डोक्यात ६.८ हा आकडा आदर्श म्हणून बसला.

१२/
या आकड्याची किंमत मोजून पाहावी. सायकल एक किलोने हलकी झाली तर ८५ किलोंच्या एकूण वजनात सव्वा टक्क्याहून कमी फरक पडतो. आंबोलीसारख्या तासाभराच्या चढाईत हे सुमारे ४० सेकंद होतात. सपाटीवर तर फरक जवळजवळ शून्य. शेवटचा किलो कमी करण्यासाठी दुकानात लाख-दीड लाख जादा मोजावे लागतात हे ध्यानात घेतले तर ते ४० सेकंद फार महाग पडतात. शर्यतीत ४० सेकंदांनी पहिला आणि विसावा ठरतो. आंबोलीच्या धबधब्यापाशी मित्र तेवढे थांबतातच.

१३/
हलकेपणाचा वेगळा आदर्शही इतिहासात होता. १९३० आणि ४० च्या दशकांत फ्रान्समध्ये सायकलींच्या तांत्रिक चाचण्या होत. मडगार्ड, दिवे, कॅरियर यांसह पूर्ण सायकल डोंगरातल्या खराब रस्त्यांवर दिवसेंदिवस चालवायची. हलकेपणाला गुण मिळत, पण काही तुटले, सुटले, वाकले तर ते कापले जात. ॲलेक्स सिंजे आणि रने एर्स यांच्यासारख्या कारागिरांनी या चाचण्यांसाठी सर्व साहित्यासह १० किलोच्या आतल्या सायकली बनवल्या. हा व्हेलोसिओचा वारसा. दूरदर्शनच्या युगात टूर मोठा होत गेला आणि ही परंपरा कोपऱ्यात राहिली. जुन्या 'पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस'सारख्या १२०० किलोमीटरच्या हौशी मोहिमांनी ती जिवंत ठेवली.

१४/
आता साहित्य. टूरच्या विजेत्यांकडे पाहिले तर क्रम सरळ दिसतो. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँड कार्बनच्या फ्रेमवर जिंकला, १९९४ मध्ये मिगेल इंदुराईन पुन्हा पोलादावर, १९९८ मध्ये मार्को पान्तानी ॲल्युमिनियमवर, आणि १९९९ पासून पहिली येणारी प्रत्येक सायकल कार्बनची. याचा अर्थ कार्बन सर्वांत वेगवान हे खरे. सर्वांत टिकाऊ असे या यादीवरून सिद्ध होत नाही. व्यावसायिक संघाची सायकल हंगामभरात बदलली जाते आणि रोज रात्री मेकॅनिक ती धुऊन पुसून ठेवतो. देवबागच्या घरात ओसरीवर ठेवलेल्या सायकलीला खारा वारा चोवीस तास लागतो.

१५/
लेमाँडच्या पिढीतल्या कार्बन सायकलींची एक कहाणी मालवणकराने जरूर वाचावी. कार्बनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या असत. कार्बन विजेचा वाहक आहे. तो ॲल्युमिनियमला टेकला आणि मध्ये खारे पाणी शिरले की लहानशी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. घाम आणि समुद्राची हवा यांमुळे अशा काही फ्रेमचे सांधे सुटले. पुढे मध्ये काचतंतूंचा थर घालून हा दोष आटोक्यात आणला गेला आणि आजच्या अखंड कार्बन फ्रेममध्ये तो बराच कमी झाला आहे. पण बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू, केबलचे थांबे आणि ॲल्युमिनियमची सीटपोस्ट जिथे कार्बनला भेटते तिथे तेच रसायन आजही चालू असते. ग्रीस न लावता दोन पावसाळे तशीच ठेवलेली सीटपोस्ट कधीकधी फ्रेम कापल्याशिवाय निघत नाही.

१६/
पोलादाचे दुखणे निराळे. १९३५ च्या प्रसिद्ध रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांपासून आजवर चांगल्या पोलादी फ्रेमचा आराम वाखाणला जातो, परंतु तिच्या नळीची भिंत मिलिमीटरपेक्षा पातळ असते आणि गंज आतून सुरू होतो, दिसत नाही. आतून मेण किंवा तेलाचा थर दिला नाही तर किनाऱ्यावर ती अल्पायुषी ठरते. खाऱ्या हवेला खऱ्या अर्थाने दाद देत नाही ते टायटॅनियम. जाता जाता एक योगायोग: जयगडपासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर वाळूत जो काळसर पट्टा दिसतो त्यात इल्मेनाइट असते, म्हणजे टायटॅनियमचेच खनिज. त्यापासून सायकलीची नळी होईपर्यंतचा प्रवास इतका खर्चिक आहे की ती वाळू तुडवत जाणाऱ्याला टायटॅनियमची फ्रेम परवडेलच असे नाही.

१७/
फ्रेमच्या मापाबाबतही एक इतिहास आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रिस बोर्डमनने ज्या लोटस सायकलीवर सुवर्णपदक मिळवले तिचा आराखडा मूळ माइक बरोज या इंग्रज अभियंत्याचा. त्यानेच पुढे तैवानच्या जायंट कंपनीसाठी वरची नळी उतरती केलेली टीसीआर ही रोड बाईक आखली. फ्रेम लहान, ताठ आणि हलकी झाली. शिवाय कारखान्याचा मोठा फायदा झाला: पूर्वी आठ-दहा मापे ठेवावी लागत, आता लहान, मध्यम, मोठे यांत भागवता येऊ लागले आणि उरलेला फरक सीटपोस्ट व स्टेमने भरून काढायचा. बहुतेक रोड बाईकची वरची नळी आज उतरती असते ती यामुळे. म्हणून दुकानातल्या 'मध्यम'वर विसंबू नये. दोन कंपन्यांच्या मध्यम मापांत हँडलची उंची दोन-तीन सेंटीमीटरनी निराळी असू शकते, आणि पाठदुखी तेवढ्यावर सुरू होते.

१८/
गंमत अशी की हौशी स्वाराला सर्वांत मानवेल अशी सायकलही अखेर शर्यतीनेच दिली, पण शर्यतीच्या सर्वांत जुनाट रस्त्याने. पॅरिस-रुबेच्या दगडी फरसबंदीवर ताठ फ्रेम आणि बारीक टायर माणसाला खिळखिळे करतात. त्या एका दिवसासाठी कंपन्यांनी लांब चाकांतर, उंच हँडल आणि रुंद टायरला जागा असलेल्या सायकली बनवल्या. स्पेशलाइज्डने तर आपल्या सायकलीचे नावच 'रुबे' ठेवले. ट्रेकची 'डोमाने' २०१२ मध्ये आली. दुकानात यांना एन्ड्युरन्स प्रकार म्हणतात आणि विक्रेता कधीकधी वयस्करांची सायकल असे सुचवतो. देग्रांजचा पंचेचाळिशीचा शेरा असा अजून जिवंत आहे.

१९/
टायरबाबतचा गैरसमज फिटायला तर एकविसावे शतक लागले. बारीक आणि दगडासारखा फुगवलेला टायर वेगवान, असे सारे मानत. १९९० च्या दशकात २३ मिलिमीटर ही रुंदी रूढ होती. खडबडीत रस्त्यावर असा टायर उसळत राहतो आणि ती ऊर्जा स्वाराच्या अंगात जिरते, हे मोजून दाखवणाऱ्यांत सिएटलचे 'बायसिकल क्वार्टरली' हे छोटे नियतकालिक पुढे होते. आज व्यावसायिकही २८ मिलिमीटर किंवा अधिक रुंद टायर वापरतात. पावसाळ्यानंतर खडी उघडी पडलेल्या आचरा-देवगड रस्त्यासाठी ३२ मिलिमीटरची जागा नसलेली फ्रेम, किंमत काहीही असो, घेण्यात अर्थ नाही.

२०/
ब्रेकचेही तसेच. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल्या कार्बन रिमवर रबरी ब्रेक क्षणभर पकडतच नाही, आणि घाटातल्या वळणावर तो क्षण पुरेसा असतो. डिस्क ब्रेकला शर्यतीत कायमची परवानगी २०१८ मध्ये मिळाली. पर्वती सायकलींवर ते कित्येक वर्षे आधीपासून होते. इथे नियमकर्ते पुन्हा मागे राहिले.

२१/
उरतो प्रश्न दुरुस्तीचा. या शतकाच्या आरंभी हलकेपणासाठी पेडलचे बेअरिंग आटे न पाडता फ्रेममध्ये दाबून बसवण्याची पद्धत आली. माती आणि पाणी शिरून ते कुरकुरू लागले, तक्रारी वाढल्या आणि २०२० च्या सुमारास स्पेशलाइज्ड व ट्रेकसह अनेकांनी वरच्या श्रेणीत पुन्हा आट्यांची पद्धत आणली. आट्यांचे बेअरिंग योग्य पाना असेल तर घरीही बदलता येते. विजेवर चालणारे गिअर अचूक असतात, पण गावातल्या दुकानात त्यांचा सुटा भाग मिळत नाही. केबल मात्र मिळते.

२२/
नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू २०१५ मध्ये अमेरिका पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची 'रॅम' पुरी करणारी पहिली भारतीय जोडी ठरली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. जानेवारी २०२६ मध्ये पुण्याच्या आसपासच्या घाटांत 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यतही झाली. ती पाहून मालवण, कणकवलीतले काही तरुण नवी सायकल घ्यायला निघतील. समान किमतीच्या दोन सायकली समोर असतील, एक पावणेसात किलोची, २८ मिलिमीटरपर्यंतच्या टायरची, ३६-३० गिअरची. दुसरी साडेआठ किलोची, ३५ मिलिमीटरच्या जागेची, ३४-३४ गिअरची, आट्यांच्या बेअरिंगची. पहिलीवर वजनाचा आकडा ठळक रंगवलेला असेल. दुसरीसोबत ग्रीसची एक डबी घ्यावी, आणि किनाऱ्यावरून परतल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याची एक बादली तिच्यावर ओतावी.